तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी आणि डोक्यात मेडिकल: रिसर्च कसा सुरू करायचा

नीटचा निकाल लागला की आमच्याकडं दरवर्षी एकच चित्र असतं. एखाद-दुसऱ्याचा नंबर लागतो, यवतमाळ नाहीतर अकोला नाहीतर नागपूर, त्याच्या घरी पेढे वाटतात, आणि बाकीची सात-आठ पोरंपोरी गुपचूप तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीचा फॉर्म भरून येतात. कोणी विचारलं तर म्हणतात, असंच घेऊन ठेवलं, पुढच्या वर्षी नीट देतोच आहे. मी पण तेच म्हणत होते. दोनदा दिली, दोनदा राहिली, मग झूलॉजी-केमिस्ट्री-मायक्रोबायोलॉजी घेऊन कॉलेजात बसले आणि पहिलं वर्ष वर्गात असून नसल्यासारखं काढलं. त्या वर्षाचं मला अजून वाईट वाटतं, कारण जे मला दुसऱ्या वर्षी सापडलं ते पहिल्याच वर्षी सापडलं असतं. आता मी पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करून फील्डवरच काम करते आणि गावाकडची पोरं फोन करून विचारत असतात की ताई रिसर्च कसा करायचा, आमच्या कॉलेजात तर काहीच नाही. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढते.

आधी एक गोष्ट साफ सांगते, नंतर कोणाला फसल्यासारखं वाटायला नको. आपल्याकडं एमबीबीएसची ॲडमिशन नीटवर होते, रिसर्चला त्यात अर्धा मार्क पण नाही. त्यामुळं "रिसर्च केला तर मेडिकलला फायदा होते का" याचं सरळ उत्तर आहे, ॲडमिशनला नाही होत. ज्यांना यंदा पुन्हा नीट द्यायचीच आहे आणि पाच-दहा मार्कांनीच राहिलंय त्यांनी आधी ती द्या. पण ज्यांना माणसाच्या आजाराचंच काम करायचंय, मग डॉक्टर म्हणून होवो की मायक्रोबायोलॉजिस्ट म्हणून की साथरोगवाला म्हणून, त्यांच्यासाठी ही तीन वर्षं लई कामाची आहेत.

अमेरिकेत पद्धत वेगळी आहे, तिकडं आधी चार वर्षांची एक डिग्री करायची आणि मग मेडिकल कॉलेजला अर्ज, आणि त्या अर्जात मार्कांसोबत तुम्ही चार वर्षांत काय काम केलं ते पण बघतात. तिथं लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणून छोटी छोटी कॉलेजं असतात, अॅमहर्स्ट, स्वार्थमोर, ग्रिनेल, रीड अशी. मोठ्या युनिव्हर्सिटीत प्राध्यापकाच्या लॅबमध्ये पीएचडीवाल्यांची गर्दी असते, इथं पीएचडीवाले जवळपास नसतातच, त्यामुळं प्रयोग करायला बॅचलरचीच पोरं लागतात. रीडमध्ये शेवटच्या वर्षी प्रत्येकाला थिसिस लिहावा लागतो, वूस्टर नावाच्या कॉलेजात पण प्रत्येकाला स्वतःचा एक अभ्यास पूर्ण करावाच लागतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं की अरे, आपलं कॉलेज पण तर छोटंच आहे, आपल्या डिपार्टमेंटला पण दोनच सर आहेत आणि त्यांना आपलं नाव, आपलं गाव, आपल्या बापाची कपाशी किती एकर आहे इथपर्यंत माहीत आहे. पैसा आणि मशीन त्यांच्याकडं आहे, आपल्याकडं नाही, हा फरक मोठाच आहे आणि तो मी लपवत नाही. पण सरांपर्यंत पोहोचायला रांग नाही ही गोष्ट दोन्हीकडं सारखी आहे आणि सुरुवात तिथूनच होते.

ज्यांना तिकडंच जायचंय त्यांच्यासाठी दोन शब्द. अॅमहर्स्ट हे बाहेरच्या देशातल्या पोरांना पण घरची ऐपत न बघता ॲडमिशन देणाऱ्या मोजक्या कॉलेजांपैकी आहे, म्हणजे गरिबाच्या पोरानं तो विचारच करू नये असं नाही. पण तिकडच्या सरकारी पैशावर चालणारे उन्हाळी रिसर्च प्रोग्राम, ज्याला ते आरईयू म्हणतात, ते त्यांच्या नागरिकांसाठी आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी आहेत, म्हणून परदेशी पोरांना कॉलेजच्या स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या उन्हाळी रिसर्चवरच भिस्त ठेवावी लागते. तो पैसा परदेशी पोरांना मिळतो का हे ॲडमिशनच्या आधी मेल करून विचारून घ्या. आणि तिथली बरीचशी मेडिकल कॉलेजं परदेशी पोरांना घेतच नाहीत, हे पण आधी माहीत असू द्या, चार वर्षांनी कळून उपयोग नाही.

आता आपल्या इकडचं.

सुरुवात सरांपासून करायची. बरीच पोरं इथंच अडकतात, कारण जाऊन म्हणतात "सर मला रिसर्च करायचाय", आणि सर म्हणतात "कर की", आणि संपलं. सरांकडं पण चार वर्ग, परीक्षेचं काम, कॉलेजच्या तपासणीचे (नॅकचे) कागद असतात, ते तुमच्यासाठी विषय शोधत बसू शकत नाहीत. जाताना एक पान लिहून न्या. त्यावर तीनच गोष्टी: मला काय जाणून घ्यायचंय, त्यासाठी काय मोजावं लागेल, आणि तुमच्याकडून मला काय पाहिजे. मी गेले तेव्हा सरांनी पहिल्यांदा हेच म्हटलं की आपल्याकडं मशीन कुठं आहे, आणि मी म्हटलं सर मायक्रोस्कोप आहे ना, मला तेवढाच पाहिजे, शनिवारी दुपारी दोन तास. त्यांनी चावी कुठं असते ते दाखवलं. दोन तास आणि एक मायक्रोस्कोप असं नेमकं मागितलं की नाही म्हणणं पण अवघड जातं.

आणि आता तर नवीन शैक्षणिक धोरणामुळं तुमच्या क्रेडिटमध्येच फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, ऑन जॉब ट्रेनिंग हे सगळं आलंय. बहुतेक ठिकाणी पोरं ते दुकानातून छापून आणलेल्या फाइलवर उरकतात. तुम्ही त्याच क्रेडिटमध्ये खरं काम करा, वेगळा वेळ काढायची गरज नाही आणि सरांना पण सही करायला काहीतरी खरं मिळते. चौथं वर्ष करून ऑनर्स विथ रिसर्च घ्यायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, ते पण पहिल्या वर्षापासून लक्षात ठेवा.

विषय कसा निवडायचा यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळा खेळ तिथंच आहे. पोरं गुगलवर कॅन्सर, स्टेम सेल असलं शोधतात आणि मग आपल्याकडं काहीच नाही म्हणून रडतात. तुमच्या गावात जे आहे ते बघा. आपल्या भागात सिकलसेल (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) आहे, चंद्रपूर-यवतमाळकडं पाण्यात फ्लोराईड आहे, साप चावणं आहे, फवारणीची विषबाधा आहे (२०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते अजून लोक विसरले नाहीत), पावसाळ्यात डेंग्यू आहे, उन्हाळ्यात ऊन लागणं आहे. एवढे प्रश्न मुंबईच्या पोराला शोधायला गाडी करून यावं लागेल आणि तुमच्या तर ते अंगणात आहेत.

गडचिरोलीचं उदाहरण प्रत्येकानं वाचलं पाहिजे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथं सर्च ही संस्था सुरू केली. १९८९ ला त्यांचा लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये पेपर आला, दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली आणि ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, जो तोवर कोणी मोजलाच नव्हता. मग १९९९ ला दुसरा पेपर, ३९ गावांमध्ये गावातल्याच शिकवलेल्या बायांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. पुढं हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर नेली गेली. त्याची सुरुवात कशानं झाली तर गावात किती बाळं जन्मली आणि किती गेली हे नीट मोजण्यानं. ते काम लई मोठं, कित्येक वर्षांचं आणि अख्ख्या टीमचं आहे, आपण त्याच्या जवळपास पण नाही, पण मोजायला तर आपल्याला पण येते.

मी डास घेतले. तसं ठरवून काही नाही, आमच्या गल्लीत एका पावसाळ्यात चार घरी डेंग्यू निघाला आणि आईनं घरातली सगळी भांडी उपडी केली पण कूलर राहिला. विदर्भात कूलरशिवाय घर नाही, मार्चमध्ये खिडकीत बसतो आणि पाऊस सुरू झाला तरी दिवाळीपर्यंत तिथंच असतो, टाकीत वीतभर पाणी तसंच. मला प्रश्न पडला की मे महिन्यात, नवतप्यात, बाहेर सगळं कोरडं ठणठणीत असताना डास जगतात कुठं? नाला आटलेला, डबकं नाही, टायरात पाणी नाही. मग उरतं काय, रांजण, टाकं, ढोरांचा हौद आणि कूलर. एवढा एक प्रश्न घेऊन मी दोन फेऱ्या केल्या, एक नवतप्यात आणि एक पोळ्यानंतर.

कसं करायचं ते पायरीपायरीनं सांगते. गावातली १०० घरं घ्या. पण ओळखीची नको, तिथंच मोठी चूक होते, आपण आपल्याच गल्लीत फिरतो आणि गावाच्या त्या टोकाला जातच नाही. ग्रामपंचायतीतून घरांची यादी घ्या आणि दर तिसरं किंवा पाचवं घर असं ठरवून घ्या, मग ते घर बंद निघालं तर बाजूचं. प्रत्येक घराला नंबर द्या, वहीत नाव लिहू नका. घरात पाणी साठलेलं एकूण एक भांडं बघा, प्रत्येकाचा प्रकार लिहा, अळ्या आहेत की नाही ते लिहा. छोटं भांडं असेल तर चहाच्या गाळणीतून पाणी ओता, मोठं असेल तर पांढऱ्या वाडग्यानं वरचं पाणी काढा. पांढरंच पाहिजे, त्यात अळी दिसते. आणि भांड्यावर आपली सावली पडू देऊ नका, सावली पडली की अळ्या झटकन तळाशी जातात आणि तुम्ही "नाही" लिहून मोकळे होता. हे मला पीएचसीच्या (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) आरोग्यसेवक दादांनी दाखवलं, पुस्तकात वाचून मला तीन घरं चुकली होती.

कूलरला हात लावायच्या आधी पिन काढा. बटण बंद नाही, पिनच काढा, स्वतःच्या हातानं. दरवर्षी आपल्याकडं कूलरचा करंट लागून माणसं जातात, आणि तुम्ही तर ओल्या जमिनीवर उभे राहून टाकीत हात घालणार आहात.

अळी ओळखणं अवघड नाही. पाण्याच्या वरच्या थराला आडवी, समांतर पडलेली असेल तर ॲनोफिलीस, मलेरियाचा. डोकं खाली करून तिरपी लटकत असेल आणि शेपटीकडची श्वासाची नळी लांब असेल तर क्यूलेक्स, हत्तीपायाचा. नळी आखूड आणि जाडसर असेल तर एडिस, डेंग्यूचा. खात्री करायची तर थोड्या अळ्या बाटलीत घालून तोंडाला मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा आणि कॉलेजात ठेवा, काही दिवसांत डास निघतात. मग बाटलीत इथरचा बोळा टाकायचा आणि मायक्रोस्कोपखाली पाठ बघायची. पाठीवर वीणेसारखी पांढरी खूण असेल तर एडिस इजिप्टाय, मधोमध एकच पांढरी रेघ असेल तर अल्बोपिक्टस. मी ती वीणा पहिल्यांदा पाहिली तेव्हा सरांना हाक मारून बोलावलं, आणि सर स्वतः पंधरा मिनिटं त्या मायक्रोस्कोपवरून उठले नाहीत. बाकीच्या अळ्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून लेबल लावून ठेवा, जिवंत डास एक पण बाहेर जाऊ देऊ नका.

आता हिशोब. समजा १०० घरं पाहिली आणि २० घरांत अळ्या सापडल्या, तर हाऊस इंडेक्स २०. सगळी मिळून ४०० भांडी होती आणि ३० मध्ये अळ्या निघाल्या तर कंटेनर इंडेक्स ७.५. आणि दर १०० घरांमागं अळ्यावाली भांडी ३०, म्हणून ब्रेटो इंडेक्स ३०. आकडे मी समजावण्यापुरते घेतले, पण सरकारी आरोग्य खातं पण एडिसच्या पाहणीत हेच तीन इंडेक्स वापरतं, म्हणजे तुमचं काम त्यांच्या कामाच्या शेजारी ठेवता येते. खरी मजा पुढं आहे, त्या ३० भांड्यांत कूलर किती, रांजण किती, टायर किती, आणि मे महिन्यात तेच गणित कसं बदलते. कूलर सगळ्या भांड्यांत थोडेच असतील पण अळ्यावाल्या भांड्यांत त्यांचा वाटा मोठा निघाला तर तुमच्या हातात गावाला सांगण्यासारखी गोष्ट आली.

वहीबद्दल एवढंच, पक्की शिवलेली वही घ्या, सुट्टी पानं नको. पेननं लिहा, चुकलं तर एक रेघ मारा, खोडरबर नको, पान फाडायचं नाही. तारीख, वेळ, किती ऊन होतं, कोण सोबत होतं सगळं लिहा. संध्याकाळी घरी आल्यावर त्याच दिवशी मोबाईलमध्ये एक्सेल शीटला भरा, उद्यावर टाकलं की घर नंबर ३७ मध्ये रांजण होता की टाकं ते आठवत नाही. मी एकदा टाकलं होतं आणि नऊ घरांत मला पुन्हा जावं लागलं.

लोकांशी बोलणं हा वेगळाच धडा आहे. आम्ही एका आजीच्या दारात गेलो, हातात वही, गळ्यात कॉलेजचं आयकार्ड, आणि आजी आतूनच ओरडली, "लाइटचं बिल भरलं हाये ना वं बाई, काहून आले?" मी सांगितलं आजी बिलाचं नाही, कूलरमधल्या पाण्यात अळ्या बघायच्या आहेत. तर म्हणे, "माह्या कूलरात कायच्या अळ्या, मी रोज पानी टाकतो." तिचं बरोबर होतं, ती रोज पाणी टाकत होती, काढत कधीच नव्हती. मी तिला टाकीतलं पाणी वाडग्यात घेऊन दाखवलं आणि ती बराच वेळ त्या वळवळीकडं बघत राहिली. परवानगी मागायची म्हणजे नुसती सही घ्यायची नसते हे मला त्या दारात कळलं. आधी सांगायचं की आम्ही कोण, काय बघणार, तुमचं नाव कुठं लिहिणार नाही, नाही म्हटलं तरी काही होणार नाही, आणि मग थांबायचं. कोणी नाही म्हटलं तर हसून पुढच्या घरी. पोरींनी दोघी-तिघी मिळून जावं, आणि घरी आधीच सांगून ठेवावं की कोणत्या गल्लीत आहोत, म्हणजे संध्याकाळी उशीर झाला की घरचे पुढच्या वेळी नाही म्हणत नाहीत.

इथंच एक कडक गोष्ट सांगते. माणसाचं रक्त, लघवी, आजाराची माहिती घ्यायची असेल तर ते एकट्यानं, सरांच्या तोंडी परवानगीवर करायचं नाही. आयसीएमआरचे (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ चे नियम आहेत, एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी आधी लागते, माणसाची संमती त्याला समजेल अशा भाषेत लागते, लहान मुलांसाठी आईबापाची पण लागते. सिकलसेलचंच बघा. तपासणी दिसायला सोपी आहे, दोन थेंब रक्त सोल्युबिलिटीच्या द्रावणात टाकायचं आणि नळीमागं छापील कागद धरायचा, अक्षरं दिसली तर निगेटिव्ह, पाणी गढूळ होऊन अक्षरं दिसेनाशी झाली तर एचबीएस, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन, आहे. पण ते वाहक आहे की आजार आहे हे त्यावरून कळत नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी ही मोठ्या लॅबमधली तपासणी लागते. आणि लग्नाच्या वयाच्या पोरीचा अर्धवट रिपोर्ट गावात फुटला तर तिचं काय होते हे तुम्हाला माझ्यापेक्षा वेगळं सांगायला नको. १ जुलै २०२३ ला सरकारनं सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलंय, त्यात शिबिरं होतात, तिथं पीएचसीसोबत मदतनीस म्हणून जा, बघा, शिका. स्वतः किट विकत आणून गावात तपासायला बसू नका.

पीएचसीशी जोडून घ्यायचं तर प्राचार्यांच्या सहीचं एक पत्र तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या नावानं न्या, एक प्रत पीएचसीच्या एमओंना (मेडिकल ऑफिसरना) द्या. आशाताईंना आधी भेटा, गावात त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं, आणि त्यांच्या कामाच्या दिवशी त्यांना अडवू नका. आम्ही आधी एका मोठ्या हॉस्पिटलला पत्र दिलं होतं, दोन महिने फक्त "साहेब मीटिंगला आहेत" एवढंच ऐकलं. तसं झालं तर वाट बघत बसू नका, जवळच्या उपकेंद्रात जा.

वाचायला पबमेड सेंट्रल फुकट आहे, तिथं पूर्ण पेपर उघडतात. रोज एक पेपर वाचायचा असला नियम लावू नका, आठवड्याला एक, पण नीट. इंग्रजी जड जातं, मला पण जायचं, मी आधी शेवटचे दोन परिच्छेद वाचायची, मग टेबल, मग बाकीचं. प्रत्येक पेपरवर वहीत चार ओळी मराठीत लिहायच्या, काय विचारलं, कसं मोजलं, काय निघालं, मला काय पटलं नाही. ही चौथी ओळ लिहिता यायला मला सहा महिने लागले.

आता बाहेरच्या संधी. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल आणि बीएस्सीला असाल तर केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेतली शी स्कॉलरशिप बघा, वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० उन्हाळ्यात एखाद्या संशोधकाकडं प्रोजेक्ट करण्यासाठी असतात. आमच्याकडं पात्र असलेली पोरं फॉर्मच भरत नाहीत, याचं मला खरंच दुःख होते. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात, दोन महिने एखाद्या मोठ्या संस्थेत काम, मानधन आणि रेल्वेचं भाडं. त्याचे फॉर्म साधारण दिवाळीच्या आसपास निघतात, म्हणजे मे महिन्यातल्या कामाची तयारी पावसाळ्यातच करावी लागते, आणि आपल्याकडची पोरं मार्चमध्ये विचारायला लागतात. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा सेंटर आहे, त्यांचा एनआययूएस नावाचा कार्यक्रम बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या पोरांसाठीच आहे, म्हणून पहिल्याच वर्षी बघा.

जवळचं म्हणाल तर आविष्कार. २००६ पासून राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा होते, आधी कॉलेज-जिल्हा, मग विद्यापीठ, मग राज्य, आणि पदवीच्या पोरांसाठी वेगळा गट असतो. अमरावती, नागपूर, गोंडवाना तिन्ही विद्यापीठांची पोरं जातात. पोस्टर घेऊन उभं राहायचं आणि अनोळखी परीक्षकानं आडवेतिडवे प्रश्न विचारायचे, हा अनुभव फुकटात मिळतो. मला परीक्षकानं विचारलं होतं की बंद घरांचं काय केलं, आणि ते मी वहीत लिहिलेलं होतं म्हणून मी उभी राहू शकले.

संस्था पण लांब नाहीत. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ पासून गावातच आहे, तिथली एमबीबीएसची पोरं पहिल्या वर्षी पंधरा दिवस गावात राहायला जातात. नागपूरला नीरी आहे, पाण्याचं आणि प्रदूषणाचं काम तिथं होतं. चंद्रपूरला आयसीएमआरचं सिकलसेल-थॅलेसेमियासाठी केंद्र आहे. सर्चचा निर्माण नावाचा तरुणांसाठी उपक्रम आहे, त्याची शिबिरं गडचिरोलीत सर्चच्याच शोधग्रामला होतात. आणि पुढं कोणाचा एमबीबीएसला नंबर लागलाच तर आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप विसरू नका, १९७९ पासून मेडिकलच्या पोरांसाठीच आहे.

कुठंही मेल करायचा तर "रिस्पेक्टेड सर, आय वॉन्ट टू डू इंटर्नशिप" असा एकच मेल शंभर जणांना पाठवू नका. साध्या इंग्रजीत सहा-सात ओळी: मी कोण, मी मागच्या वर्षी १०० घरांत कूलरमधल्या अळ्या मोजल्या, त्याचं एक पान सोबत जोडलंय, तुमचा अमुक पेपर वाचला आणि त्यातलं हे मला करून पाहायचंय, मे-जूनमध्ये मला सहा आठवडे मोकळे आहेत, राहायची सोय मी करते. ते जोडलेलं एक पानच सगळं काम करते. दहा दिवस उत्तर नाही आलं तर एकदाच पुन्हा पाठवा. माझ्या तेवीस मेलपैकी तीन उत्तरं आली आणि एक हो म्हणाले.

पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. एका कंपनीनं आमच्या मैत्रिणीकडून तीन हजार घेऊन घरबसल्या पंधरा दिवसांचं रिसर्च ट्रेनिंगचं सर्टिफिकेट दिलं, तिच्या बापानं ते तुरीच्या पैशातून दिले होते, आणि ते सर्टिफिकेट पुढं कोणी हातात पण धरलं नाही. तसंच दोन दिवसांत पेपर छापून देतो म्हणणारी जर्नल. तुमचं काम खरं असेल तर ते घाईनं असल्या ठिकाणी छापून वाया घालवू नका, पोस्टर करा, विद्यापीठात मांडा, सरांसोबत बसून नीट लिहा, वर्ष लागलं तरी चालेल. शिफारसपत्र लागेल तेव्हा सरांना पंधरा दिवस आधी सांगा आणि सोबत वहीची झेरॉक्स द्या, म्हणजे ते "सिन्सिअर अँड हार्डवर्किंग"च्या पुढं काहीतरी लिहू शकतील.

आणि काम झाल्यावर गावात परत जायचं, हे मी सगळ्यांना बजावून सांगते, कारण लोकांनी दार उघडलं म्हणून तुमच्या वहीत आकडे आले. आम्ही ग्रामसभेत दहा मिनिटं मागितली, एका कार्डशीटवर कूलर, रांजण, टायर असे चित्र काढून कशात किती अळ्या निघाल्या ते दाखवलं, आणि सांगितलं की नुसतं पाणी ओतून भागत नाही, एडिसची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून महिनोन्महिने कोरडी राहतात आणि पाणी पडलं की फुटतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करून आतून घासायची. दुसऱ्या आठवड्यात त्या आजीच्या दारावरून गेले तर तिनं कूलरची टाकी काढून अंगणात उन्हात उपडी ठेवली होती आणि नारळाच्या काथ्यानं कडेकडेनं घासत बसली होती. मला पाहून म्हणे, "पाह्य वं बाई, आता निघते का एखादी."